म्हैसूरचा भाव

“पडला! उर्मिला, पडला!”

मी कणीक मळत होते. तशीच पिठाचे हात घेऊन बाहेरच्या खोलीत धावले. घरात सत्तरीला आलेले सासरे असले की ‘पडला’ म्हणाले का ‘पडलो’ म्हणाले, हे बघायला कुणी थांबत नाही.

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. चष्मा कपाळावर, मांडीवर आमच्या मुलीचा जुना लॅपटॉप, आणि चेहऱ्यावर एखादी कुस्ती मारल्याचा आनंद.

“काय पडलं?”

“भाव! म्हैसूरचा. निळीवर एकदम दीडशेनं उतरला.”

निळी म्हणजे हॉटेलच्या खोल्या बुक करायची एक साइट. तशीच एक लाल होती आणि एक पोपटी. तिघींची नावं इंग्रजी आणि एकमेकींत मिसळून जाणारी, म्हणून अण्णांनी त्यांना रंगांवरून हाका मारायला सुरुवात केली होती. बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं, आमच्या मागच्या दारी गोठा आहे. “आज लाल काही देत नाही.” “पोपटीनं कालपासून नाष्टा बंद केला.” “निळी चांगली आहे, पण शेवटी टॅक्स दाखवते, लाथ मारते.”

“मग करा की बुक,” मी म्हणाले.

“थांब. अजून पडेल.”

मी परत कणकेकडे गेले. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून हेच चाललं होतं. गणपती येऊन गेले तरी अण्णांचं म्हैसूर काही बुक होत नव्हतं.

आमचे अण्णा, म्हणजे बळवंतराव साळोखे, यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या भांडारात गेली. बेअरिंग असो नाहीतर झाडू, तीन कोटेशनं टेबलावर आल्याशिवाय त्यांनी सही केली नाही. घरातही तोच कायदा. भाजी तीन गाड्यांवर विचारून घ्यायची. माझ्या नवऱ्याच्या, रणधीरच्या, लग्नाचा फेटासुद्धा तीन दुकानं पालथी घालून आणलेला. मी त्यांनी पाहिलेली तिसरी मुलगी होते, हे मला लग्नानंतर कळलं.

सासूबाई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. त्या असताना हा सगळा कारभार त्या हसून सोसायच्या. त्या गेल्यावर अण्णा गप्प झाले. भाजीवाल्याशी घासाघीस करायचे थांबले, तेव्हा तर मला काळजीच वाटली. म्हणून ह्या म्हैसूरच्या नादाला मी मनातून खूशच होते. माणूस पुन्हा भाव करायला लागला होता.

आणि काय मन लावून करायचे! एकदा साइटवर लाल अक्षरांत आलं, ‘या क्षणी चौदा जण हे हॉटेल पाहत आहेत.’ अण्णांनी मला बोलावून दाखवलं.

“बाप रे, चौदा जण,” मी म्हणाले. “पटकन घ्या, नाहीतर जाईल.”

“घाबरू नकोस. त्यातले तिघे मीच आहे.” त्यांनी लॅपटॉपवर, स्वतःच्या फोनवर आणि माझ्या फोनवर तेच हॉटेल उघडून ठेवलं होतं. माझा फोन मी सकाळपासून शोधत होते.

पुढे पुढे ते थेट हॉटेलांना फोन लावायला लागले. “हॅलो, मैं कोल्हापूर से साळोखे बोलता. आपका वो लाल में एक भाव है, निळे में एक भाव है. असली भाव कौनसा है?” पलीकडचा माणूस काय समजायचा देव जाणे. पण तासाभरानं अण्णांना म्हैसूरच्या सगळ्या हॉटेलांतलं गरम पाणी किती वाजता येतं, किती वाजता जातं, हे तोंडपाठ असायचं.

माझा नवरा मात्र वैतागला होता. रणधीरचा शिरोलीला फाउंड्रीचा व्यवसाय. वस्तू आवडली की घेतली, हा त्याचा स्वभाव. बापाच्या अगदी उलट.

“दसरा बघायला कुणी कोल्हापूर सोडून म्हैसूरला जातं काय अण्णा?” तो जेवताना म्हणायचा. “आपल्या दसरा चौकात काय कमी असतंय?”

“तिथं राजवाड्यावर दिवे लागतात. लाखभर.”

“मग एकदा बुक तरी करा, नाहीतर बंद तरी करा. रोज उठून काय ते भाव?”

“सीझन आहे, बाबा. बघून घ्यावं लागतं,” अण्णा म्हणायचे आणि ताकाची वाटी तोंडाला लावायचे.

एका रविवारी रणधीर दुपारी जेवायला बसला तो मुद्दाम गंभीर चेहरा करून. भात वाढून होईपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, “अण्णा, तुमचं म्हैसूर मी करून टाकलं.”

“काय केलंस?”

“बुक. दसऱ्याचा आठवडा. तुमच्या स्क्रीनवर तारखा बघितल्या होत्या मी. तुमचा वाढदिवसपण त्यातच येतोय. आपण तिघं, आणि पोरगीला पुण्याहून बोलावून घेऊ. मोठी फॅमिली रूम आहे. गाडीनं जाऊ.”

मी टाळीच वाजवली. अण्णांच्या हातातला घास मात्र तसाच राहिला.

“कुठल्या साइटवर?” त्यांनी विचारलं.

“जी पहिली उघडली तिच्यावर. दहा मिनिटांत काम.”

“रद्द होतं का?”

रणधीरचा चेहरा पडला. “रद्द कशाला? आणि नाही होत. परत न मिळणारं घेतलं. तेच जरा स्वस्त होतं.”

‘परत न मिळणारं’ हे शब्द ऐकून अण्णांनी डोळे मिटून घेतले. मला हसू आलं. वाटलं, भांडाराचा जीव कळवळला. पण त्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांत वैताग नव्हता, भीती होती. तीन महिने ज्या गावाचे भाव बघितले, तिथं मुलगा हौसेनं घेऊन चाललाय म्हटल्यावर माणसानं भ्यायचं काय कारण? “बरं केलंस,” एवढं म्हणून ते ताट अर्धं टाकून उठले. ताट टाकणं आमच्या घरात अण्णांनीच बंद केलेलं.

“बघ,” रणधीर मला म्हणाला, “चांगलं करायला गेलं तरी ह्यांना तीन कोटेशनं पाहिजेत.” तोही हिरमुसून फाउंड्रीवर निघून गेला. रविवारी.

दुसऱ्या दिवशी अण्णा फिरायला गेले असताना मी लॅपटॉप उघडला. म्हटलं, ह्यांना नक्की कुठलं हॉटेल हवं होतं ते तरी बघू. तिन्ही साइटी उघड्याच होत्या. निळीवर म्हैसूर, दसऱ्याच्या तारखा, आणि त्यांच्या बाजूला एका चौकोनात बारीक अक्षरांत: दोन खोल्या, दोन माणसं. लालवर तेच. पोपटीवरही तेच.

आधी मला वाटलं, एक खोली त्यांना आणि एक आम्हांला. पण मग माणसं तीन व्हायला हवी होती. मी पुन्हा वाचलं. दोनच होती. अण्णा बोल्ट मोजताना चुकले नाहीत, ते माणसं मोजताना चुकतील?

ते परत आले, चपला काढल्या, मी चहा पुढे ठेवला.

“अण्णा, दुसरी खोली कुणाला?”

“कुठली दुसरी?”

“म्हैसूरची.”

त्यांनी चहा बशीत ओतला. गार करायला फुंकर मारत राहिले. चहा मुळातच कोमट होता.

“कारेकर सिस्टरना,” शेवटी ते म्हणाले.

“कोण कारेकर सिस्टर?”

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. उन्हाळ्यात वाचनालयानं ज्येष्ठ नागरिकांसाठी संगणकाचा वर्ग काढला होता. रणधीरनंच त्यांना ढकलून पाठवलं होतं. तिथं एका संगणकावर दोघांना बसवायचे. अण्णांच्या शेजारी बसल्या हेमलता कारेकर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. एकट्या, लग्न करायचं राहून गेलेलं. शिकवणाऱ्या मुलीनं एकदा अभ्यास दिला: एखाद्या गावाला जायचंय असं समजून हॉटेल शोधा. सिस्टर म्हणाल्या म्हैसूर. अण्णांनी टाकलं, माणसं दोन. आणि ओळख ना पाळख म्हणून खोल्याही दोन.

“वर्ग संपला,” अण्णा म्हणाले, “पण तो अभ्यास काही संपला नाही. त्या म्हणाल्या, नुसतं शोधायचंच काय, जाऊ की खरंच. त्यांनी राजवाडा बघितलेला नाही. मीही नाही.”

मी स्टुलावर बसले. मला लगेच आनंद झाला असं काही मी सांगणार नाही. आधी डोळ्यांपुढे सासूबाईच आल्या, भिंतीवरच्या फोटोतल्या नव्हे, ओट्यापाशी उभ्या असलेल्या. मग मी अण्णांकडे बघितलं. हा माणूस कान लाल करून कोमट चहाला फुंकर मारत होता.

“मग तीन महिने बुक का केलं नाहीत?” मी विचारलं. “गेल्या आठवड्यात तर भाव केवढा पडला होता.”

“अजून पडेल असं वाटलं.”

“अण्णा.”

“अगं, बुक केलं की रणधीरला सांगावं लागणार ना!” ते एकदम म्हणाले. “भाव बघतोय म्हटलं की काही सांगावं लागत नाही.”

तीन महिने आम्ही दोघं ह्या माणसाला हसत होतो. आणि तो मात्र रोज सकाळी उठून, मुलाला काय आणि कसं सांगायचं ह्या प्रश्नाभोवती निळी, लाल आणि पोपटी हिंडवत होता.

“आता काय करणार?”

“आता सिस्टरना सांगायला पाहिजे की जमत नाही. रणधीरनं पैसे भरलेत, नात यायची आहे.” मग ते म्हणाले, “तू येतेस माझ्याबरोबर? मला एकट्याला बोलायला सुचायचं नाही.”

संध्याकाळी आम्ही रुईकर कॉलनीत त्यांच्या फ्लॅटवर गेलो. दार उघडलं ते उंच, सडसडीत, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या बाईंनी. अण्णांनी माझी ओळख करून दिली. बाईंनी मला नखशिखांत बघितलं, बहुधा मला कुठं दुखतंय का ते, आणि म्हणाल्या, “बसा. सून आलीय म्हणजे काहीतरी वाईट बातमी आहे.”

अण्णांनी घसा साफ केला. “सिस्टर, ते म्हैसूरचं. सध्या भाव जरा...”

“भाव राहू दे साळोखे. मी माझी खोली घेतली.”

“घेतली?”

“मागच्या सोमवारी. पूर्ण भावानं. तुम्ही फोनवर सांगत होता ना, थांबा, अजून शंभर उतरतील, तेव्हा मी एकीकडे तुमचं ऐकत होते आणि दुसरीकडे बुक करत होते.”

“कुठल्या साइटवर?” अण्णांच्या तोंडून गेलंच.

“कुठल्याच नाही. हॉटेलला फोन केला आणि खोली ठेवा म्हणून सांगितलं.” त्यांनी आमच्यापुढे कोकम सरबताचे पेले ठेवले. “रेल्वेची दोन तिकिटं तुम्हीच काढलीत, पहिल्याच दिवशी.”

“रेल्वेचा भाव सगळीकडे सारखाच असतो,” अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले.

“तर गाडी आहे, माझी खोली आहे, मी जाणार आहे. तुम्ही आलात तर मला बरं वाटेल. नाही आलात तर मी राजवाड्यावरचे दिवे एकटीनं बघीन. एकटीनं बघायची मला सवय आहे, त्याचं काही नाही.” इथं त्यांचा आवाज जरासा उतरला, पण त्यांनी लगेच सावरून घेतला. “फक्त भाव सांगायला फोन करू नका. मला तुमच्याशी दुसरं बोलायला आवडेल.”

अण्णांनी सगळं सरबत एका घोटात संपवलं. जिना उतरताना मी त्यांचा हात धरला.

“चांगल्या आहेत हो बाई,” मी म्हणाले.

“फार बोलतात,” अण्णा म्हणाले. रिक्षात बसेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. स्वतःला ते ठाऊकही नव्हतं.

घरी येऊन त्यांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. थेट लॅपटॉप. “खोल्या: एक. माणसं: एक,” असं मोठ्यानं म्हणत त्यांनी तारखा टाकल्या. सिस्टरांचं हॉटेल भरलेलं. शेजारचं भरलेलं. निळीवर काही नाही, लालवर काही नाही. पोपटीवर एक खोली निघाली, भाव ऐन दसऱ्याचा, तिप्पट.

“घ्या!” मी म्हणाले.

“जरा बघतो, हीच निळीवर...”

“अण्णा, आता भाव नका बघू, खोली बघा!”

त्यांनी बटण दाबलं. चक्र फिरलं, फिरलं आणि मजकूर आला, ‘क्षमस्व, ही खोली नुकतीच गेली.’ इतके दिवस ज्या चौदा जणांची आम्ही चेष्टा केली, त्यांतला कुणीतरी खरा निघाला होता.

अण्णांनी लॅपटॉप मिटला. मी त्यांना तसं बसलेलं फक्त एकदाच पाहिलं होतं, चार वर्षांपूर्वी.

“रणधीरला सांगतो,” ते म्हणाले. “खोली असो वा नसो. सांगायला तर पाहिजे.”

आणि त्याच संध्याकाळी, रणधीर हातपाय धुऊन बाहेर येताच, त्यांनी सांगितलं. उभ्यानं. शाळेत मास्तरांसमोर उभं राहावं तसे हात मागे बांधून. कारेकर सिस्टर, संगणकाचा वर्ग, दोन खोल्या, रेल्वेची तिकिटं, सगळं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदराशी चाळा करत होते.

रणधीरनं टॉवेल खांद्यावर टाकला.

“आईला कधी नेलं नाहीत,” एवढंच तो म्हणाला.

“नाही नेलं.” अण्णांनी मान खाली घातली नाही. “ती दर वर्षी म्हणायची, कुठंतरी जाऊ. मी म्हणायचो, गळिताचा सीझन संपू दे. एक संपला की दुसऱ्याची दुरुस्ती निघायची. मग पुन्हा सीझन. ती असताना मला कळलं नाही रे. आता कळलंय तर ते कळून घरात बसू?”

रणधीर गच्चीवर गेला. मी जेवायला हाक मारली तर म्हणाला, भूक नाही.

पुढचे दोन-तीन दिवस आमच्या घरात फक्त कुकर बोलत होता. अण्णा लॅपटॉपला हात लावत नव्हते. मला त्या निळीची, लालची, पोपटीची आठवण यायला लागली, इतकं घर मुकं झालं. मी रणधीरला एकदा म्हटलं, “अहो, तुम्ही एकदा त्या बाईंना भेटा तरी.” तो म्हणाला, “मी काही म्हटलंय काय?” हीच तर पंचाईत होती. तो काहीच म्हणत नव्हता.

मग एका सकाळी अण्णा पेपर वाचत होते. रणधीर फाउंड्रीला निघाला, बूट घातले, दारापर्यंत गेला आणि परत वळला.

“उर्मिला म्हणाली, तुम्हांला तिथं खोली मिळाली नाही.”

“हं.”

“माझी घ्या.”

अण्णांनी पेपर खाली घेतला. “तुझी?”

“फॅमिली रूम. तुमच्या नावावर करून घेतली, काल फोन केला हॉटेलला. एक मोठा पलंग आहे, दोन छोटे आहेत, वर एक जादा गादी देणार आहेत. कंटाळा आला की पलंग बदला.” तो हे सगळं बुटांच्या नाड्यांकडे बघत बोलत होता. नाड्या व्यवस्थित बांधलेल्या होत्या.

“आणि तुम्ही?” अण्णांनी विचारलं. “पोरगी यायची होती.”

“आम्ही आपले दसरा चौकात. मी आधीपासून म्हणत नव्हतो काय, दसऱ्याला कोल्हापूर सोडायचं नसतंय?”

अण्णा उठून उभे राहिले. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं हे दिसत होतं. ओठ हलले. “ही खोली,” ते म्हणाले, “लालवर आठशेनं...” आणि पुढचं त्यांनी गिळलं.

“म्हणा की,” रणधीर म्हणाला. “आठशेनं काय?”

“काही नाही. फार चांगल्या भावात मिळाली.”

अण्णांच्या आयुष्यातलं हे पहिलं खोटं असावं. रणधीर हसला. मग मीही हसले, आणि हसता हसता माझे डोळे का भरले ते त्या दोघांनी विचारलं नाही.

त्यानंतर अण्णा आणि कारेकर सिस्टर पुष्कळ हिंडले. हंपी, बदामी, एकदा थेट कन्याकुमारी. लग्नबिग्न केलं नाही, दोघांनाही त्याची गरज वाटली नाही. बुकिंग सिस्टर करायच्या, फोनवर, दोन मिनिटांत. अण्णा नंतर गुपचूप तिन्ही साइटींवर बघून किती जास्त गेले ते मला सांगायचे, आणि सिस्टरना सांगू नकोस म्हणायचे. अण्णांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात सिस्टर खुर्ची टाकून बसल्या, आणि तिथल्या नर्सांची त्यांच्यापुढे बोलायची टाप नव्हती. त्या सगळ्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिलीय ती मिरज स्टेशनवरची सकाळ.

आम्ही कोल्हापूरहून गाडीनं अण्णांना पोचवायला गेलो होतो. फलाटावर कारेकर सिस्टर आधीच येऊन उभ्या होत्या. बदामी रंगाची सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, एकच लहान बॅग. अण्णांच्या दोन बॅगा आणि शिवाय मी दिलेला दशम्यांचा डबा.

“हा रणधीर,” अण्णा म्हणाले. एवढंच.

“नमस्कार,” रणधीर म्हणाला. सिस्टरनीही हात जोडले. मी उगीच डब्यात काय काय भरलंय ते सांगत राहिले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं वेगळ्या बाटलीत. शेजारून चहावाला गेला, त्याला आम्ही चौघांनीही इतक्या आशेनं बघितलं की तो बिचारा थांबला आणि आम्हांला चहा घ्यावा लागला.

गाडी आली. रणधीरनं अण्णांच्या बॅगा चढवल्या, मग सिस्टरांच्या हातातली बॅगही न विचारता घेतली आणि सीटखाली नीट सरकवली. दोघं खिडकीपाशी समोरासमोर बसले. अण्णांनी सवयीनं खिडकी वरखाली करून बघितली. रणधीर खाली उतरून खिडकीच्या गजांपाशी उभा राहिला. मला वाटलं, आता हा ‘जपून जा’ म्हणेल. निघायची शिट्टी झाली. मग तो एकदम पुढे वाकला.

“काकू,” तो म्हणाला, “तुम्हांला एक सांगायचं राहिलं. अण्णा फार घोरतात. रात्रभर. गाडीत झोपले तर तुम्हांला त्रास होईल.”

“रणध्या!” अण्णा ओरडले.

सिस्टरनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा घातला.

“मी पुरुषांच्या वॉर्डात नाइट ड्यूट्या केल्यात बाळ,” त्या म्हणाल्या. “दिवे घालवून बसायचं आणि कानानं राउंड घ्यायचा. जो घोरतोय त्याच्याकडे आम्ही बघायचोही नाही. म्हणायचो, हा ठीक आहे.”

गाडी हलली. रणधीर गजाला हात लावून चार पावलं बरोबर चालत गेला. अण्णा लालबुंद होऊन दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत होते. तिकडे मालधक्क्याच्या भिंतीशिवाय काहीच नव्हतं.